खिशातली वायर
रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासताना जो वास येतो, त्याने मला अजून नाशिकचं ते कॉम्प्युटरचं दुकान आठवतं आणि डोकं तापतं. नववीतून शाळा सोडलेल्या मला शेठनी तिथे कामाला ठेवलं होतं. रॅम किती वेगाने पळते हे तपासायचं, तर आधी गिऱ्हाइकाच्या हार्डडिस्कची चपटी वायर काढून आपल्या खिशात ठेवायची, हा त्यांचा नियम. कारण वेग झेपला नाही तर डिस्कवरचं सगळं बिघडतं. त्या दुपारी पंचवटीतल्या एका फोटोग्राफरच्या मशीनची वायर काढून मी चहा सांगायला गेलो. परत येतो तर शेठच्या भाच्याने दुसरी वायर जोडून वेग वाढवत नेलेला, स्क्रीन निळी पडलेली आणि लोकांच्या लग्नाचे फोटो उघडेनात. "ह्यानंच केलं मामा, नववी नापास ठेवल्यावर दुसरं काय होणार!" तो शेठना म्हणाला. नोकरी गेली तर गावी काय तोंड दाखवू, ही भीती होती, तरी मी खिशातली वायर काढून काउंटरवर आपटली. शेठनी वाकून मशीनला जोडलेली दुसरी वायर पाहिली. मग मशीन न्यायला आलेल्या फोटोग्राफरला हात जोडून म्हणाले, "चूक माझ्या घरच्या माणसाची आहे." आज गावापासून लांब माझं स्वतःचं रिपेअरिंगचं टेबल आहे, ते शेठमुळेच. पण भाच्याने माझी माफी कधी मागितली नाही, आणि वायर खिशात घालताना तो राग दर वेळी हाताला लागतो.