तळहातावरचा रस्सा

लग्नाच्या स्वयंपाकाचं काम आम्ही नवरा-बायकोने आंजीत सुरू केलं. काही वर्षांनी वेगळे राहायला लागलो. तो आंजीतच राहिला, मी वर्ध्याला खोली घेतली. काम मात्र मोडलं नाही. सीझनची लग्नं आधीच घेतलेली होती. ती पार पडली तेव्हा पुढची आली. फक्त एक नियम ठरला. भट्टी त्याची, पंगत माझी. मांडवामागच्या कनातीपलीकडे मी जायचं नाही.

लग्नाआधी मी एका वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात बातम्या तपासायचे. जे दिसलं तेवढंच लिहायचं, ही सवय तिथली. म्हणून हिंगणघाटच्या एका लग्नात काय दिसलं, तेच सांगते.

सकाळ होती, वरात यायला अवकाश होता. मी कनातीशी पाण्याचे जग भरून घेत होते. फोडणीतला लसूण जळाल्याचा वास तिथपर्यंत आला. तो कढईच्या अगदी जवळ पाठमोरा उभा होता, वांगी चिरणाऱ्यांना काही सांगत. वळला नाही. एरवी तेल तापलं हे त्याला न बघता, वासावरूनच कळायचं.

मी कनात ओलांडली आणि गॅस बंद केला. तेव्हा कुठे त्याने कढईत पाहिलं. लसूण काळा झाला होता.

“मले वास येत नाई,” तो हळू आवाजात म्हणाला. “मागं ताप आलता, तवापासून. चव बी नाई.”

“कोणाले सांगतलं तुमी?”

“तुलेच सांगून राह्यलो.”

डॉक्टरने वाट पाहा म्हटलं होतं. आचाऱ्याचं नाक गेलं हे बाहेर कळलं असतं, तर त्याला कुणी बोलावलं नसतं. तोवर तो अंदाजाने मीठ टाकत होता. घाबरलेला होता, आणि ते मला चेहऱ्यावरून कळत होतं.

फोडणी पुन्हा टाकली. रस्सा उकळल्यावर त्याने पळीतून थोडा माझ्या तळहातावर ओतला. मीठ कमी होतं. बोलले असते तर त्याच्या माणसांनी ऐकलं असतं. मी मूठ मिटून दाखवली. त्याने मूठभर मीठ टाकलं.

त्यानंतर प्रत्येक लग्नात मी भट्टीपाशी जाऊ लागले. वाढणाऱ्या बायकांपैकी एक म्हणाली, “ताई, नवरा सुटला, पण त्याच्या हातची भाजी काही सुटत नाई.” सगळ्या हसल्या. मीही हसले. खरं कारण सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

तुळशीच्या लग्नानंतर नवा सीझन लागला. जामजवळच्या एका लग्नात मी कनातीतून आत शिरले, तेव्हा भाजी उकळत होती आणि शेजारी वरणाच्या फोडणीचं तेल ठेवलं होतं. तो पाठमोरा, हात पुसत होता. न वळता आपल्या माणसाला म्हणाला, “तेल तापलं. जिरं टाक.”

मी जागीच थांबले. मग तो वळला आणि त्याला मी दिसले.

वास परत आल्याचं तो बोलला नाही. मी विचारलं नाही. नियमाप्रमाणे मला आता मागे फिरायचं होतं.

त्याने पळी रश्श्यात बुडवली, फुंकर घातली.

“हात कर,” तो म्हणाला. “मीठ पाहून जाजो.”

मीठ बरोबर होतं. सांगायला मी जरा वेळ घेतला.