चंचलचा रंग

सुरेंद्रनं माणूस जसा आहे तसा कधी छापला नाही. तेलंगणातल्या बेल्याच्या बसथांब्यासमोर त्याचा फोटो स्टुडिओ, वीस वर्षांचा. उन्हात कापूस वेचून रापलेली पोरगी स्थळाला पाठवायच्या फोटोसाठी स्टुलावर बसली की तिची आई हळूच म्हणायची, "जरा उजळ करा न, दादा." तेलुगू गिऱ्हाईक म्हणायचं, "कोंचम तेल्लगा." मागणं एकच. सुरेंद्रला तेही सांगावं लागत नसे. त्याचा हात आपोआप तिकडे वळायचा.

हे काम तो आदिलाबादला उद्धवरावांच्या लॅबमध्ये शिकला होता. आधी कॉम्प्युटरवर फोटो कापणं आणि उजेड कमी-जास्त करणं, मग लेयर, मग कर्व्ह ओढून रंग बदलणं, मग शेजारच्या चांगल्या कातडीनं डाग बुजवणं. उद्धवराव रोज बजावायचे, "मूळ फोटोले हात लावू नोको. त्याची नक्कल कर अन् नक्कलीवर काम कर." सुरेंद्रनं त्यांच्याकडून सगळं घेतलं, एवढं एक सोडलं.

लग्न झालं ते मुधोळच्या चंचलशी. चंचल काळी होती. सावळी, निमगोरी असले आडपडद्याचे शब्द तिला लागू पडत नव्हते. हनुवटीवर लहानपणी विळ्यावर पडल्याची खूण होती. ती हसली की खूण ताणली जायची. लग्नाचा अल्बम करायला घेतला तेव्हा सुरेंद्रची आई, रेणुकाबाई, मागे येऊन उभी राहिली. "चार लोकांत फिरंन हा अल्बम. पाह्य काही करता येते का," एवढंच म्हणाली. सुरेंद्रनं कर्व्ह वर ओढला, खूण बुजवली, गाल गुळगुळीत केले. चंचलनं पडद्यावर पाहिलं आणि हसून विचारलं, "हे कोन व्हय?"

पुढे प्रत्येक फोटोचं तेच झालं. डोहाळजेवण, बारसं, बासरच्या सरस्वतीच्या देवळासमोरचा लेकीला कडेवर घेतलेला. एकदा ती म्हणाली, "अवो, एखाद्या फोटोत तरी राहू द्या न मले माह्यासारखी." तो "हो" म्हणाला आणि लगनसराईत विसरून गेला. कॉम्प्युटरची डिस्क भरत आली की तो सुधारलेले फोटो ठेवायचा आणि मूळचे पुसून टाकायचा. गिऱ्हाइकांचे तसेच, घरचेही तसेच.

लेक प्रणिता चार वर्षांची असताना चंचल काविळीनं गेली. दोन आठवड्यांत सगळं आटोपलं. भिंतीवर लावायला सुरेंद्रनं बासरचा फोटो निवडला, मोठा करून छापला आणि तसाच एक मुधोळला सासूकडे पाठवला. त्याच्या हातचा तो सर्वांत चांगला फोटो होता.

अकरा वर्षं गेली. प्रणिता पंधराची झाली. रंगानं, कपाळानं, चालण्यानंही आईवर गेलेली. एका सकाळी वेणी घालता घालता ती भिंतीवरच्या फोटोकडे पाहत म्हणाली, "आई एवढी गोरी होती. मी कोनावर गेली, बाबा?"

"आईवरच."

"समजूत नोका घालू. मी का लहान हाओ आता?"

"खरं सांगून राह्यलो. तुई आई काळी होती. हा रंग म्या केला."

प्रणितानं आजीकडे पाहिलं. रेणुकाबाईंनी तांदूळ निवडता निवडता मान हलवली. "नाई गं. चंचल गोरीपान होती. सगळे म्हनत जोडा शोभते म्हनून." तिला खोटं बोलायचं नव्हतं. अकरा वर्षं रोज तो फोटो पाहून तिला तसंच आठवत होतं.

त्या दिवसापासून सुरेंद्रनं जुना रंग परत आणायचं मनावर घेतलं. कर्व्ह खाली ओढला तर चेहरा काळा झाला नाही, मळकट झाला. गालांवरचे बारीक खड्डे, ओठांजवळचा गडदपणा त्यानंच पुसून टाकला होता, आणि जे पुसलं ते खाली कुठे दडून बसलेलं नव्हतं. ब्रशनं रंग भरला तर गोऱ्या बाईला काजळी फासल्यासारखं दिसलं. जुन्या डिस्क, पिवळ्या पडलेल्या सीडी, अल्बमवाल्याला पाठवलेल्या फायली, सगळं उघडून पाहिलं. सगळीकडे तीच गोरी बाई हसत होती.

मग तो मुधोळला गेला. सासू बयनाबाई ओट्यावर बसली होती. त्यानं विचारलं, "चंचलचा लग्नाआधीचा एखादा फोटो असंन का?"

"होता की. शाळेतला. पन तुमी तो मोठा पाठवला न, जवाईबापू. त्याच्यापुढं तो जुना कायले ठेवू म्हनलं? वाळवीबी लागली होती. देल्ला टाकून."

तिनं ट्रंक उपसली. तळाशी जुनं रेशनकार्ड निघालं. त्यावर सगळ्या घराचा एकत्र फोटो होता, आगपेटीएवढा. दुसऱ्या ओळीत सोळा वर्षांची चंचल, चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि नेमका त्यावरच कचेरीचा जांभळा गोल शिक्का.

सुरेंद्र कार्ड घेऊन आला. ते स्कॅन करून त्यानं आठवडाभर शिक्क्याची शाई कणाकणानं काढली. खाली उरले चार-दोन राखाडी ठिपके. शेजारच्या मोबाईल दुकानातल्या विनयनं ते पाहिलं आणि आपल्या फोनमधल्या ॲपला दिलं. अर्ध्या मिनिटात स्वच्छ, रेखीव, काळी मुलगी तयार झाली. पापण्यांचे केससुद्धा दिसत होते.

"घ्या, दादा. झालं," विनय म्हणाला.

सुरेंद्रनं बराच वेळ पाहिलं. मुलगी कुणाचीही असू शकली असती. तरीही त्यानं तो चेहरा घेतला, त्यात आठवेल तसे गाल भरले, नाक थोडं पसरट केलं. हनुवटीवरची खूण रंगवायला गेला आणि थांबला. खूण डावीकडे होती की उजवीकडे? त्यानं डोळे मिटून चंचलला समोर आणायचा प्रयत्न केला. समोर आला तो भिंतीवरचा फोटो.

त्यानं बयनाबाईंना फोन लावला.

"डाव्या अंगाले होती," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "नाई, उजव्या असंन. काऊन, जवाईबापू?"

"काही नाई," म्हणून त्यानं फोन ठेवला.

खूण न रंगवताच त्यानं प्रणिताला फोटो दाखवला. तिनं नीट पाहिला. रागावली नाही. "हे आई नाई, बाबा," ती शांतपणे म्हणाली. सुरेंद्रलाही तसंच वाटत होतं. त्यानं ती फाईल पुसली.

डिसेंबरात दहावीच्या परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो द्यायचा होता. प्रणिता शाळेच्या गणवेशात स्टुडिओत आली आणि निळ्या पडद्यापुढे स्टुलावर बसली. सुरेंद्रनं फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला, नुसता कापून बाजूला ठेवला.

"उजळ नाई करत?" तिनं मागून विचारलं.

"हाय तसाच चांगला हाये."

"वर्गातल्या सगळ्या पोरींचे तुमीच उजळ केले. मी एकटीच काऊन अशी देऊ?"

त्यानं समजवायला तोंड उघडलं. पण त्या पोरींचे फोटो त्यानंच तर केले होते, गेल्याच आठवड्यात, याच खुर्चीवर बसून. "राहू दे न, बेटा," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"करा न, बाबा. सरांनी आजच मांगितले."

त्यानं कर्व्ह वर ओढला. कपाळ उजळलं, मग गाल, मग मान. ओठांजवळचा गडदपणा गेला. प्रणिता त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होती.

"आता आईसारखी दिसून राह्यली मी," ती म्हणाली. तिच्या आवाजात खूप दिवसांनी आनंद होता.

सुरेंद्रनं आठ प्रती छापल्या, कापल्या, पाकिटात घालून तिच्या हातात दिल्या. ती शाळेकडे निघून गेली. दारात दोन बायका एका पोरीला घेऊन उभ्या होत्या. त्यानं त्यांना आत बोलावलं.