काचेच्या कपाटाचे पंधरा हजार

शनिवार, ८ फेब्रुवारी. रक्कम रुपये पंधरा हजार. बार्शीच्या स्टँडवर हजर तिघे: आमच्या इतिहास मंडळाचा खजिनदार म्हणून मी, माझी पत्नी सुमन, आणि मला पोचवायला म्हणून, खरं तर मी चेकबुक घेतलंय का हे बघायला आलेले आमचे अध्यक्ष. सोलापुरात विणकरांच्या वस्तीत दोन खोल्यांचं एक संग्रहालय आहे. तिथल्या जुन्या हातमागाला काचेचं कपाट करून द्यायचं आणि त्यावर मंडळाच्या नावाची पाटी लावायची, असा ठराव झाला होता. सुमनला एसटीत अर्धं तिकीट, तरी खिडकी पूर्ण तिचीच. वैरागला दोन चहा झाले. तो खर्च मी मंडळावर टाकला नाही.

संग्रहालय सांभाळतात मल्लेशम सर, निवृत्त शिक्षक. त्यांनी आधी देणगीदारांची तीन कपाटं दाखवली. एकात नुसता एक कंदील होता आणि पाटी कंदिलापेक्षा मोठी होती. सर हळूच म्हणाले, "कपाटाला पैसे मिळतात हो. सुताला कोणी देत नाही."

माग मागच्या खोलीत होता. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं. काठावर बसल्या होत्या सत्तरी ओलांडलेल्या नरसम्मा. सर त्यांना पिन्नी (तेलुगूत मावशी) म्हणतात. माग त्यांचाच. इथे देताना त्यांनी एकच अट घातली होती: विणणार मीच. पण दिवाळीत सूत संपलं आणि तेव्हापासून त्या रोज येऊन माग पुसून घरी जात होत्या. कपाटाचं कळल्यावर त्यांनी मला एकच विचारलं, "मग मी कुटं बसू?"

मी ठरावाचा कागद उघडला. ठरावात कामाच्या आधीचा फोटो काढायचा असं कलम होतं. सगळे जेवणाची तयारी करायला पुढच्या खोलीत गेले, तेव्हा मी मोबाइल काढला. मागाच्या पाठीमागे धाग्यांची टोकं लोंबत होती, एक लांब, एक आखूड. फोटोत ते फार गबाळं दिसलं असतं. मिशांची कात्री माझ्या खिशात असतेच. एका बाजूने टोकं सारखी करत निघालो. सवयीने मोजतही होतो. चौसष्ट झाले आणि मागून आवाज आला.

"काय करलालाव, दादा?"

नरसम्मांच्या हातात भाकरीची परात होती. ती त्यांनी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसल्या. मल्लेशम सरांनी मला समजावलं. नवा ताणा (उभे धागे) चढवताना प्रत्येक धागा जुन्या टोकाला गाठ मारून जोडतात. मग जुना धागा नव्याला ओढून फणीतल्या (बारीक दात्यांच्या चौकटीतल्या) त्याच्या घरात, म्हणजे फटीत, नेऊन सोडतो. म्हणून विणकर माग कधी पुरता रिकामा करत नाही. मी टोकं इतकी आखूड केली होती की गाठ बसायला जागाच उरली नव्हती.

जेवायला कडक भाकरी (वाळून पापडासारखी झालेली ज्वारीची भाकरी) आणि शेंगाचटणी होती. ती भाकरी मोडताना मोठा आवाज होतो. त्या आवाजातच सुमन म्हणाली, "घरी यांनी माझ्या शालीचे गोंडेसुद्धा सारखे केलेत." नरसम्मांना हसू आलं. "दंड घेणार मी," त्या म्हणाल्या. "धाग्याला रुपया. आन् बसायचं माज्यासंगं."

मागाशी बसण्याआधी मी अध्यक्षांना फोन लावला. मंडळाच्या प्रतिनिधीने मागाचं नुकसान केलंय, तेव्हा कपाटाआधी माग चालू करून देणं आपल्याकडे लागतं, असं सांगितलं. ते म्हणाले, "ते ठीक आहे. पण पाटी कुठं लावायची?"

फोन स्पीकरवर होता. नरसम्मा म्हणाल्या, "पंच्याच्या काठात विणते की. नाव सांगा फकस्त."

"किती पंचे निघतील?"

"चाळीस. तेच इकून फुडचं सूत आणायचं."

एका पाटीच्या जागी चाळीस पाट्या मिळतायत, हा हिशेब अध्यक्षांनी माझ्यापेक्षा लवकर केला.

सरांनी शेजारच्या गल्लीतल्या सूतवाल्याकडून तयार ताणा आणवला. गाठ बसणार नव्हती, म्हणून दुपारभर मी मागाच्या पाठीमागे पाटावर बसून एकेक नवा धागा पुढे करत होतो आणि नरसम्मा तारेच्या आकड्याने तो फणीतून ओढून घेत होत्या. माझी पाठ धरली, त्यांची नाही. चौसष्टावा धागा गेला आणि मी उठलो.

"बसा," त्या म्हणाल्या. "एक घर रिकामं हाय."

मी चौसष्टच म्हणत राहिलो. त्यांनी माझं बोट धरून त्या रिकाम्या घरावर टेकवलं. छत्तीस वर्षं मी लोकांच्या बेरजा तपासल्या, माझी पहिल्यांदा एका फणीने तपासली.

परतीच्या बसमध्ये सुमन खिडकीशी झोपली आणि मी मंडळाच्या अंकासाठी हा मजकूर जुळवत होतो. ठरावातला "जतन" हा शब्द मीच घातला होता. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फक्त काच होती.

अदा केलेली रक्कम: सूतवाल्याला चेकने अकरा हजार चारशे. उरलेले धागे सांधायची मजुरी म्हणून नरसम्मांना तीन हजार सहाशे. दोन्ही पावत्या जोडल्या आहेत. दंड नरसम्मांनाच, माझ्या खिशातून, रुपये पासष्ट.