कानात सांगितलेले सिनेमे

ताईचं दुकान म्हणजे एक खोली, दोन मशिनं आणि भिंतीवर टांगलेले दुसऱ्यांचे कपडे. नवं काही ती शिवत नसे, फक्त अल्टरेशन करायची. कमरेत घट्ट झालेल्या पँटा, बापाचा मुलाला आलेला कोट, वजन वाढल्याचं कबूल न करणाऱ्यांचे शर्ट. "माणूस जाड झालाय हे त्याच्या बायकोआधी मला कळतं," असं ती म्हणायची, आणि ते खरंच होतं.

बुधवारी दुपारी दुकान बंद असायचं. दारावर पाटीबिटी काही नव्हती. ताई धाकट्याला घेऊन सिनेमाला गेली, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. चार वर्षांनी लहान. दहाव्या वर्षी ताप डोक्यात गेला आणि त्याचे डोळे गेले. पुढे एका कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर त्याने तीस वर्षं काढली. नुसत्या खाकरण्यावरून साहेब ओळखायचा. तिथे सगळे त्याला 'हॅलोशेठ' म्हणत. लग्न केलं नाही. ताईच्या घरातली मागची खोली त्याची.

सिनेमाचं वेड मात्र लहानपणचं. धाकटा चौदा वर्षांचा असताना शाळेतली सगळी मुलं एका सिनेमाबद्दल बोलत होती, आणि तो घरी येऊन न जेवता झोपला. ताईने विचारून विचारून कारण काढून घेतलं आणि म्हणाली, "उद्या जाऊ."

"तिथे जाऊन तो काय करणार?" वडिलांनी विचारलं.

"ऐकेल. उरलेलं मी सांगेन."

ते उरलेलं सांगणं चाळीस वर्षांच्या वर चाललं. त्यातही एक कसब होतं. पात्रं बोलत असताना बोलायचं नाही. दोन वाक्यांच्या मधे जेवढी फट मिळेल तेवढ्यात बसवायचं. 'दार उघडलं. बाई. घाबरलीय.' ताई कपड्यांची माणूस, त्यामुळे तिच्या सांगण्यात कपडे फार यायचे. 'कॉलर फिरवून शिवलेली आहे, म्हणजे गरीब आहे पण नीटनेटका.' धाकट्याला खलनायक सहसा त्याच्या बटणांवरून कळायचा.

पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून "शू!" करायची. म्हणून त्यांची जागा ठरलेली, शेवटच्या रांगेतला कोपरा. तिकिटाच्या खिडकीतला म्हातारा त्यांना बघितलं की न विचारता तिथलीच तिकिटं द्यायचा आणि शेजारची खुर्ची शक्यतो कुणाला विकायचा नाही. मग खिडकी बंद झाली. तिकिटं फोनवर आली. फोनला ही भानगड काय माहीत? शेजारी कुणीही येऊन बसायला लागलं. तेव्हा ताईच्या लेकीने तोडगा काढला. ती फोनवरून तीन तिकिटं काढू लागली. दोन माणसं आणि शेजारी एक रिकामी खुर्ची. ताईला ते उधळेपणाचं वाटायचं, पण "शू" ऐकण्यापेक्षा बरं.

एका बुधवारी थिएटरच्या दाराशी एक मुलगी आडवी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीएवढा टॅब. नवी मॅनेजर होती.

"मावशी, रागावू नका, एक विचारू? तुम्ही दर आठवड्याला तीन तिकिटं काढता आणि दोनच स्कॅन होतात. दोन वर्षं झाली. तिसरं माणूस कधी येतच नाही. मला राहवेना. कोण आहे ते?"

ताईने सांगून टाकलं. मुलीने ऐकताना टॅब खाली केला.

"हे तुला त्यात दिसतं?" ताईने बोट दाखवलं. "आणखी काय दिसतं आमच्याबद्दल?"

मुलगी जरा अवघडली, पण ताईचा चेहरा असा होता की तिला नाही म्हणवेना. तिने टॅब वळवला. पडद्यावर थिएटरचा नकाशा होता, खुर्च्यांचे छोटे चौकोन, आणि खाली त्यांच्या नावावरची यादी. कोणता खेळ, कोणता वार, मध्यंतरात काय घेतलं.

"दर वेळी एकच कॉफी, दोन पेले. इतर भाषेतले सिनेमे तुम्ही घेत नाही."

"खाली लिहून येतं ते वाचायचं की पडदा बघायचा? दोन्ही कसं सांगणार?"

"बरोबर. आणि मारामारीचे सिनेमे तर एकही नाही. गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे साठ लागले, तुम्ही एकालाही नाही आलात."

धाकटा इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. त्याने मान उचलली.

"साठ? मारामारीचे सिनेमे निघतात अजून?"

ताई पर्समध्ये तिकिटं शोधू लागली.

"ताई, तू तर म्हणाली होतीस, आता तसले सिनेमे कुणी काढतच नाही!"

"अरे, सांगताना दमछाक होते," ताई पुटपुटली. "ह्याने मारलं, त्याने मारलं, हा पडला. तोंडाला फेस येतो माझ्या."

मुलीला हसू आवरेना. धाकटाही हसला, पण जरा उशिराने. मग मुलगी म्हणाली, "काका, तुमच्या फोनवर एक अ‍ॅप टाकून देऊ? ते थिएटरमधला आवाज ऐकतं, सिनेमा कुठवर आलाय ते ओळखतं आणि पडद्यावर काय चाललंय ते कानात सांगतं. सगळ्या सिनेमांना नाही, पण बऱ्याच सिनेमांना आहे. एका कानात इअरफोन घालायचा, दुसरा कान मोकळा."

"म्हणजे ताईसारखं?"

"हो, तसंच."

 आपलं काम दुसरीला दिलं जात असताना घरातली जुनी मोलकरीण जशी दारात उभी राहून बघेल, तशी ताई बघत राहिली. पण त्या बघण्यामागे आणखी काहीतरी होतं, आणि ते काय हे तिचं तिलाही नीट कळलं नाही. ते अ‍ॅप काय सांगतं, हे तिलाही ऐकायचं होतं.

पुढच्या बुधवारी धाकट्याच्या डाव्या कानात इअरफोन होता. दिवे गेले. पडद्यावर एक स्वयंपाकघर आलं आणि ताईने सवयीने तोंड उघडलं. मग मिटलं. धाकटा मान हलवत होता. त्याला कळलं होतं.

ताईला आता काम नव्हतं. पहिली दहा मिनिटं तिला डोळे कुठे ठेवावेत तेच समजेना. एवढी वर्षं ती पडद्याकडे कामाच्या नजरेने बघत आली होती. शब्द सापडला की पुढे. चित्र बदललं की आधीचं सोडून द्यायचं. आता एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा पडद्यावर थांबला, तर थांबूनच राहिला. ताईला वाटलं, हे इतका वेळ का दाखवताहेत? मग तिने बघितलं. बाईच्या खालच्या ओठाशी काहीतरी होत होतं, हलण्याइतकंही नाही. ती रडणार आहे की हसणार आहे? ताईला सांगता आलं नसतं. आणि सांगायचं नव्हतं, म्हणून ती बघत बसली.

मधेच तिची नजर शेजारी गेली. सिनेमात असताना धाकट्याचा तिला नेहमी कानच दिसायचा. चेहरा असा तिने बघितलाच नव्हता. पडद्याचा उजेड त्याच्यावर पडत होता. त्याच्या भुवया वर जात होत्या, खाली येत होत्या, गोष्ट ऐकत असलेल्या पोरासारख्या.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "कशी आहे ती कानातली बाई? कशी सांगते?"

"स्वच्छ बोलते. मधे खोकत नाही." तो हसला. "पण कपड्यांतलं तिला काही कळत नाही. 'निळा झगा' म्हणाली नुसतं. निळा म्हणजे कुठला गं?"

"शाईचा. उतरलेला."

"तेच म्हणतो मी."

इथवर सगळं गोडीत चाललं होतं. पण धाकट्याच्या आता लक्षात आलं की जुने सिनेमेही या सांगण्यासकट फोनवर मिळतात. त्याने भाचीकडून शिकून घेतलं आणि मागच्या खोलीत दुपारच्या दुपारी ऐकत बसू लागला. एक दिवस तो दुकानात आला. ताई एका कोटाची बाही उसवत होती.

"ताई, तो बंदराचा सिनेमा. त्यात बाप मेलेला असतो."

ताईची कात्री थांबली.

तो सिनेमा त्यांनी तिशी यायच्या आधी बघितला होता. शेवटी एकही संवाद नाही. भोंगा वाजतो, पाण्याचा आवाज, संगीत. मुलगा धक्क्यावर बापाची वाट बघतो. जहाजावरून एक खलाशी उतरतो, बापाचा कोट मुलाच्या हातात देतो आणि निघून जातो. मुलगा कोट अंगात घालतो. बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबतात. धाकट्याला ताईने सांगितलं होतं ते असं: बाप जहाजावरून उतरला, स्वतःचा कोट काढून त्याने पोराच्या अंगावर घातला, बाह्या बघून दोघं हसताहेत.

"खरं ना?" धाकट्याने विचारलं.

"खरं."

"का?"

"त्या महिन्यात बाबा हॉस्पिटलात होते," ताई म्हणाली. "तू माझा हात धरून बसला होतास. माझ्या तोंडून निघेना."

तो मशिनीला टेकला. "त्या शेवटावरून मी कारखान्यातल्या आमच्या स्टोअरकीपरशी भांडलोय. एकदा नाही, कित्येकदा. तो म्हणायचा बाप मेला, मी म्हणायचो परत आला. एक दिवस तो म्हणाला, 'हो हो, हॅलोशेठ, तुझंच बरोबर.' मला वाटलं मी जिंकलो. आंधळ्याच्या तोंडी कोण लागणार म्हणून सोडून दिलं असेल त्याने."

ताई उसवलेला धागा बोटाला गुंडाळत राहिली. बाबांचं ऐकून त्याला राग आला नव्हता. स्टोअरकीपरची कीव आठवून आला होता, आणि तो रास्त होता हे तिला कळत होतं. दोन दिवस धाकटा जेवायला यायचा, जेवायचा, आणि आत जायचा. ताईने एका गिऱ्हाइकाची पँट दोनदा चुकीच्या मापाने कापली.

तिसऱ्या दिवशी मागच्या खोलीतून फोनवर बोलण्याचा आवाज आला. एक्स्चेंजवरचा त्याचा जुना, खणखणीत आवाज. ताई दाराशी जाऊन उभी राहिली. चोरून ऐकतेय याची तिला लाजही वाटली नाही. त्याने स्टोअरकीपरचा नंबर कुठून तरी शोधून काढला होता.

"तुझंच बरोबर होतं," धाकटा सांगत होता. "बाप मेलेलाच आहे. तू मला उगीच हो म्हणालास." मग बराच वेळ तो ऐकत राहिला. "काय सांगतोस? खरंच?"

फोन ठेवून तो दाराकडे वळला. ताई तिथे आहे हे त्याला माहीतच होतं.

"तो म्हणाला, मी इतकं ठासून सांगायचो, की त्याचीच खात्री डळमळली. रविवारी परत जाऊन बघून आला तो. बाप काही परत आला नाही, पण बघताना त्याला सारखं वाटत राहिलं, आता उतरेल. तेव्हापासून तो सिनेमा त्याला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने आठवतच नाही म्हणे." धाकट्याने डोकं खाजवलं. "कीव नव्हती गं ती. माझ्या शेवटाने त्याला खरंच घोळात घातलं होतं."

"मग आता?"

"आता मला सांग, आणखी कुठे कुठे अल्टरेशन केलंयस."

ताई खुर्ची ओढून बसली. तिला स्वतःलाही उत्सुकता वाटू लागली होती. एवढ्या वर्षांत आपण काय काय सांगितलं हे तिने कधी आठवून बघितलंच नव्हतं. मग त्यांचा उद्योगच सुरू झाला. धाकटा एक जुना सिनेमा ऐकायचा, मधे थांबवायचा आणि विचारायचा. एका म्हाताऱ्याला तिने कुत्रा दिला होता. तो सिनेमात नव्हताच. "एकटा वाटायचा रे फार," ताई म्हणाली. एका नायिकेला तिने उगाच कुरूप केलं होतं, याचं कारण ताईने शेवटपर्यंत सांगितलं नाही. एका सिनेमात खून कुणी केला हे दोघांनाही पुन्हा ऐकूनही कळलं नाही, तेव्हा ताईला फार बरं वाटलं. काही ठिकाणी धाकटा म्हणायचा, "तुझं जास्त चांगलं होतं." काही ठिकाणी म्हणायचा, "हे मात्र तू मला दाखवायला हवं होतंस." ते ती मान खाली घालून ऐकून घ्यायची.

हट्टाने तो तिला मारामारीच्या सिनेमालाही घेऊन गेला. अर्ध्या तासात कंटाळला. "मारतो, पडतो, उठतो. त्या बाईचीही दमछाक झाली," तो म्हणाला.

हिवाळ्यात एक छोटा सिनेमा लागला, नवख्या लोकांनी काढलेला. त्याला कानात सांगणारी सोय नव्हती. मॅनेजर मुलीने आधीच फोन करून कळवलं, "मावशी, याला तुम्हीच लागाल." शेजारच्या दोन खुर्च्या तिने स्वतःच नकाशावर बंद करून ठेवल्या होत्या.

धाकट्याने अंधारात एकच अट घातली. "आहे ते सांग."

"आहे ते सांगते."

पहिला अर्धा तास ठीक गेला. ताई मोजकं बोलत होती. त्या अ‍ॅपमधल्या बाईकडून ती तेवढं शिकली होती. मग पडद्यावर एक मुलगी जिन्याच्या पायरीवर बसली. घरात कुणी बोलत नव्हतं. नळ गळत होता, तेवढाच आवाज.

धाकट्याने वाट बघितली. "काय चाललंय?"

"बसलीय."

"आणि?"

ताईने पुढे वाकून बघितलं. मुलीच्या हातात काही नव्हतं. ती दाराकडे बघत होती की दाराच्या वरच्या काचेकडे, ते ताईला समजेना.

"थांब," ती म्हणाली. "मीही बघतेय."