हद्दीवरचे बटाटे

"हे कुणाच्या हद्दीत येतंय?"

जॉबर हा प्रश्न कशालाही लावायचा. वाळत घातलेल्या लुगड्याचा पदर, चुलीचा धूर, उन्हात ठेवलेली पापडांची परात, शेजारचं मांजर. विचारताना तो उकिडवा बसायचा, उजव्या हाताचा पंजा ताणून जमिनीवर टेकवायचा आणि करंगळीच्या टोकाकडे बघत राहायचा. वीत घालून झाली की निकाल. तो बहुतेक त्याच्याच बाजूने लागायचा. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्या घरापुढून जाताना तुम्हीही पाऊल जपून टाकत असाल.

गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, त्याने उमर घालवली होती. मागांवर माणसं लावायची आणि काढायची, हे त्याचं काम. डोळे अधू झाले तेव्हा घरी बसला. नोकरी सुटली, पण माणसं काढायची सवय सुटली नाही. त्या सुमारास सोलापूर शहरावर लष्करी कायदा लागला आणि काही आठवड्यांनी उठला. आमच्या घरांमागच्या परसातला मात्र उठला नाही.

मी तेव्हा एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो. माझ्या खोलीची खिडकी त्या परसात उघडायची. म्हणून जे सांगतो ते बहुतेक पाहिलेलं आहे. ऐकलेलं असेल तिथे तसं सांगेन.

परस दोन भावांचं होतं. जॉबर थोरला, धाकटा रेल्वेच्या मालधक्क्यावर हमालांचा मुकादम. वाटणी झाली तेव्हा घराच्या मधोमध भिंत आली, मधला दरवाजा विटांनी बुजला, परसात पंचांनी दगडांची एक ओळ मांडली. भांडी निम्मी झाली, जमीन निम्मी झाली. आई निम्मी होईना. पंचांनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "धाकटीच्या हातची भाकरी मऊ असती."

म्हातारीच्या तोंडात एकही दात नव्हता. तिचं म्हणणं एवढंच होतं. जॉबरने त्यात बरंच काही ऐकलं. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नाही आणि म्हातारी थोरल्याच्या घरी जेवली नाही. तिने तसं ठरवलं नव्हतं. तिला तिकडे कुणी बोलावलं नव्हतं आणि बोलावल्याशिवाय जायला वाटणीनंतर ते घर परकं झालं होतं.

बोलणं बंद म्हणजे भांडण बंद, असं मात्र नव्हे. दोघे कोंबडीमार्फत बोलायचे. कोंबडी धाकट्याची होती. जॉबर तिला म्हणायचा, "कोंबडे, तुज्या मालकाला सांग, सांडपाणी हिकडं सोडू नगं." धाकटा दात घासता घासता कोंबडीला म्हणायचा, "त्यांस्नी सांग, पाण्याला उतार कळतो, वाटणी कळत न्हाई." कोंबडी दोन्हीकडचं ऐकून घ्यायची आणि उकिरड्यावर जायची. दोघांच्या निरोपांत शिव्या असल्या तर त्याही तिलाच पडायच्या.

धाकट्याच्या बाजूला शेवग्याचं झाड होतं. त्याची एक फांदी ओळीवरून इकडे आली होती. शेंगा धरल्या तेव्हा जॉबरने आकडी लावून फांदीवरच्या सगळ्या शेंगा तोडल्या. धाकटी बाहेर आली, तेव्हा त्याने जमिनीवर पंजा टेकवला आणि कोंबडीला सांगितलं, "माज्या हद्दीत आलं ते माजं. झाड कुणाचं का असंना." धाकटीने पदर खोचला आणि आत गेली. शेंगांची आमटी त्या रात्री भिंतीच्या अलीकडे शिजली. वास पलीकडे गेला. त्याला हद्द नव्हती.

दिवाळीनंतर त्याने बटाटे लावले.

सोलापुरात कुणी घरच्या परसात बटाटे लावत नसे. बटाटा पुण्याकडून पोत्यात भरून यायचा आणि मंडईत मिळायचा. जॉबरने ओळखीच्या रेल्वे गार्डाकडून बेणं मागवलं. प्रत्येक फोडीला दोन डोळे राहतील असं कापून राखेत घोळवलं आणि वरंबे ओढले. शेवटचा वरंबा त्याने दगडांना अगदी चिकटून घातला. मी खिडकीतून म्हटलं, "जॉबर, थोडी जागा सोडा की."

"का म्हणून? वीतभर सोडली तर उद्या हातभर मागंल."

मग त्याने स्वतःहून कारण सांगितलं. आईचा सिद्धेश्वराचा सोमवार असतो. त्या दिवशी ती एकदाच खायला बसते आणि बटाट्याशिवाय तिला दुसरं काही चावत नाही. धाकटा मंडईतले आणतो, कधी हिरवे, कधी सडके. "घरचा बटाटा लोण्यागत शिजतो. माघ संपायच्या आत आई माज्या हितं पाटावर बसंल. तुमीच बघा, पेपरवाले."

बेणं उगवलं. चुळा भरलेलं आणि अंघोळीचं पाणी तो डब्याने मुळाशी घालायचा. थंडीत पाला गुडघ्याएवढा झाला, पांढरी फुलं आली. गल्लीतली पोरं बघायला आली, त्यांना हाकललं. बायका आल्या, त्यांना हाकललं. धाकटी कोंबडीला म्हणाली, "बटाट्याला पहारा लागतो व्हय गं? तुरुंगातनं सुटून आलेत वाटतं." तो झाडांना मातीची भर देत होता. हात थांबला नाही, पण भर देताना माती मात्र त्याने दगडांच्या पलीकडची ओढली. तेवढ्यानेही पलीकडची जमीन भुसभुशीत झाली.

माघात पाला पिवळा पडून लोळला. एका रविवारी त्याने बायकोकरवी पलीकडे निरोप धाडला. उद्या सोमवार. आईनं हितं बसावं. बायको निघाली तशी तिला परत बोलावून सांगितलं, "एकदाच सांग. मी दोनदा बोलवणार न्हाई." बायको परतली आणि म्हणाली, "बघू की, म्हनल्या सासूबाई."

त्या सोमवारी सकाळी तो लांबच्या टोकाकडून खणायला बसला. कुदळ नव्हे, खुरपं. प्रत्येक बटाटा हाताने मोकळा करायचा, माती पुसायची, लहानमोठे वेगळे ठेवायचे. घाई त्याच्या स्वभावात नव्हती. पलीकडे कोंबडी दगडांपाशी माती उकरत होती. तिच्या पायाखालून एक बटाटा वर आला. चांगला मुठीएवढा.

धाकटीने तो उचलला, झटकला आणि आत जाऊन पाटी व खुरपं घेऊन आली. ओळीपलीकडे पाऊल न टाकता ती आपल्या बाजूने खणत गेली. शेवटच्या वरंब्याला लागून दगड होते आणि दगडांपलीकडे त्यानेच मोकळी करून दिलेली माती. बटाटे तिकडेच पोसले होते. जॉबर उठेपर्यंत तिची पाटी भरत आली होती.

"ते माजे हायत," तो म्हणाला. कोंबडीला नव्हे. वाटणीनंतर पहिल्यांदा तो तिच्याशी सरळ बोलला.

तिने मात्र रीत सोडली नाही. "कोंबडे, त्यांस्नी इचार, शेवग्याच्या शेंगा कुणाच्या हद्दीतल्या हुत्या?"

तो उकिडवा बसला. पंजा ताणला. दगडापासून करंगळी पुरेना, तरी पुन्हा ताणला. मग हात उचलून घेतला.

पुढचं सगळं दोन चुलींवर झालं. धाकटीने बटाटे धुतले आणि तसेच उकडायला टाकले. जॉबरने आपले निवडले, सारखे निवडले, बायकोकडून दोनदा धुवून घेतले. त्याचं पातेलं उतरलं, तुपात जिरं पडलं, दाण्याचं कूट पडलं. बायको पाट मांडून पलीकडे बोलवायला गेली. ती दारातूनच परतली.

"त्यांनी हात धुतला," ती म्हणाली.

म्हातारी एकदाच बसत असे. सोमवारी एकदा पानावरून उठली की उठली.

जॉबरने पातेल्याकडे पाहिलं नाही. उरलेले बटाटे, लहान आणि मोठे, एका टोपलीत एकत्र केले. निवडण्यात गेलेली सगळी सकाळ त्यात मिसळली. टोपली घेऊन तो गल्लीतून वळसा घालून धाकट्याच्या दाराशी गेला आणि उंबऱ्यावर ओतली. "समदेच तुज्या हद्दीतले," म्हणाला आणि वळला. धाकटा कामावरून नुकताच आला होता. त्याने दोन बटाटे उचलून भावाच्या पाठीवर मारले. एक लागला.

तिसरा उचलला तेव्हा म्हातारी आतून म्हणाली, "ठेव खाली. माज्या पोरानं पिकवलंय ते." थोडं थांबून म्हणाली, "बटाटं खायाला दात लागत न्हाईत. तुमचं भांडान चावायला लागत्यात, ते मला न्हाईत."

गल्लीचं मत पडलं की जॉबरने हे चिडून केलं. मला तेव्हा तसंच वाटलं. चिडून केलं यात शंका नाही. पण धाकटीने ते बटाटे फेकले नाहीत, वाळूत पुरून ठेवले, आणि म्हातारीने त्यानंतरचे सोमवार त्यांच्यावर काढले. त्या सोमवारांच्या दुपारी जॉबर आपल्या घरात बुजलेल्या दरवाजाला पाठ लावून बसायचा. एकदा मी त्याच्याकडे गेलो असताना पलीकडे फोडणी तडतडली. तो ऐकत राहिला.

"जिरं जाळलं," म्हणाला. "जळक्या जिऱ्यानं आईला ठसका लागतो. सांगा तिकडं."

"तुम्हीच सांगा की."

"ती माजी हद्द न्हाई."

पलीकडे म्हातारी खोकली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू जिरं मीच जाळलं. दोनदा बोलावणार नाही, हे तो बोलून बसला होता, आणि बोललेलं त्याने कधी मागे घेतलं नव्हतं. म्हातारी बोलावणं येईल म्हणून थांबली असावी. हे मी कुणाला विचारलं नाही.

भाद्रपदात तो तापाने गेला. आजार थोड्याच दिवसांचा. त्याला मूल नव्हतं, म्हणून पाणी धाकट्याने दिलं. तो परसातून आला. दगडांची ओळ ओलांडताना खाली बघून, पाय उंच उचलून आला, सवयीने.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. पहिला घास भावकीतून यायचा, आणि भावकी म्हणजे भिंतीपलीकडचं घर. धाकटी पिठलं आणि भाकरी घेऊन गल्लीतून आली. तिच्या मागून काठी टेकत म्हातारी आली. वाटणीनंतर ती त्या घरात पहिल्यांदाच शिरत होती. थोरलीने रडणं आवरून पाट शोधला.

"त्यो कुटं बसायचा?" म्हातारीने विचारलं.

थोरलीने बुजलेल्या दरवाजाकडे बोट केलं. म्हातारी तिथे जाऊन विटांना पाठ लावून बसली. धाकटीने वाढलं. पलीकडच्या घरात कुणीतरी रांजणातून पाणी घेतलं. तांब्या रांजणाच्या काठाला लागला, पाणी ओतलं गेलं, झाकण बसलं. म्हातारीचा हात भाकरीवर तसाच राहिला.

"हितनं समदं ऐकू येतंय की," ती म्हणाली.

 तिने भाकरी पिठल्यात कुस्करली आणि पहिला घास घेतला.