अडीचशे पौंड जास्तीचे

नवा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं घर, रस्त्यावर काढण्यापूर्वी मी त्याच्यात आणि गाडीत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचं वजन केलं होतं, आईसकट.

आई सोलापूरहून आमच्याकडे अमेरिकेत, नेपरव्हिलला, आली होती. बाथरूममधल्या काट्यावर उभी राहायला ती तयार होईना. “मी काय गुळाची ढेप आहे?” म्हणाली. गाडीने किती ओझं ओढावं याला मर्यादा असते, हे मी तिला आकृती काढून समजावलं. शेवटी ती काट्याला नमस्कार करून वर चढली. एकशे बारा पौंड. माझ्या बायकोने, सुलभाने, मला पाठमोरं उभं केलं, काटा स्वतः वाचला आणि एक आकडा सांगितला. मी तो न तपासता घेतला. (संसारात काही आकडे तपासायचे नसतात.) आमची बारा वर्षांची मुलगी रश्मी दोनदा उभी राहिली, एकदा सँडविच खाण्याआधी आणि एकदा नंतर.

ट्रेलर घेण्याचं कारणही आईच. कृष्णेचा, भीमेचा, गोदावरीचा असे उगम तिने पाहिले होते आणि तिथे आंघोळही केली होती. एके दिवशी तिने विचारलं, “तुमच्याकडची मोठी नदी कोणती रे?” मी म्हणालो, मिसिसिपी. “ती उगवते कुठे?” मी नको तितक्या उत्साहाने ॲटलास काढला. मिनेसोटात एका तळ्यातून ती निघते, अंतर सहाशे मैलांच्या आसपास, हे सगळं तिला दाखवलं.

“मग तेवढं एक स्नान घडव,” आई म्हणाली. “परत जायच्या आधी.”

अडचण अशी की आई मोटेलात झोपायला तयार नव्हती. (“कोण कोण लोळून गेलंय त्या गादीवर.”) बाहेरचं ती खात नव्हती. आणि आंघोळ झाल्याशिवाय स्वयंपाकाला हात लावत नव्हती. म्हणजे सहाशे मैल गादी, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर तिच्याबरोबर जायला हवं होतं. मी महिनाभर माहितीपत्रकं वाचली आणि सोळा फुटी ट्रेलर घेतला. त्या कंपनीचं ते सगळ्यात साधं मॉडेल. त्याहून साधं हवं असतं तर नुसती चाकं मिळाली असती.

“अहो, पण आपण चौघं मावणार का?” सुलभाने विचारलं.

“माहितीपत्रकात सहा लिहिलेत.”

“सहा काय?”

माणसं, मी म्हणालो. पण ती कोणत्या मापाची, ते माहितीपत्रकात लिहिलेलं नव्हतं. फ्रीजचं दार उघडलं की संडासाचं दार उघडत नसे. त्यामुळे कुणी आत असताना दुसऱ्याने फ्रीजमधून दही काढलं तर आतल्याने दही परत जाईपर्यंत वाट बघायची. संडास, बेसिन आणि शॉवर मिळून एकच कपाट होतं. जेवणाचं टेबल खाली पाडलं की आईचा पलंग तयार होई, म्हणजे शेवटचा माणूस जेवेपर्यंत तिला झोपता येत नसे आणि ती उठेपर्यंत कुणाला चहा मिळत नसे. फ्रीज ट्रेलर अगदी सपाट उभा असेल तरच चाले, म्हणून मी पाणसळ घेऊन चाकांखाली फळ्या सरकवत फिरायचो. जमिनीवर केशरी रंगाचं, बोटभर लांब केसांचं कार्पेट होतं. ते मॉडेलबरोबर आपोआप येत असे, नाकारायची सोय नव्हती.

पण मला अभिमान होता तो वजनाच्या वाटपाचा. जड सामान पुढे, हलकं मागे, नाहीतर ट्रेलर शेपटी हलवतो. तांदूळ, डाळी, कुकर, पाटा (हो, पाटा. आई मिक्सरमधली चटणी खात नाही) असं सगळं मी तोलून पुढे ठेवलं. मागच्या बाकाखाली फक्त उशा आणि चादरी.

“मागच्या बाकाखाली कुणी काही ठेवायचं नाही,” मी जाहीर केलं.

सगळ्यांनी माना हलवल्या. आईनेही हलवली. तिची मान आडवी हलली की उभी, हे मी तेव्हा नीट पाहिलं नाही.

विस्कॉन्सिनची हद्द ओलांडली आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागला.

“वारा आहे,” मी म्हणालो.

सुलभाने बाहेर बघितलं. मक्याचं एक पान हलत नव्हतं. तिने पट्टा घट्ट केला.

संध्याकाळी कँपग्राउंडवर जागा घेतली, नळाला ट्रेलरची नळी जोडली, जेवणं झाली. आतलं सांडपाणी ट्रेलरच्या पोटातल्या चोवीस गॅलनच्या टाकीत जाई. माझ्या हिशेबाने आम्ही रात्री नऊ गॅलन वापरत होतो. म्हणजे टाकी दोन दिवस सहज पुरायला हवी होती. पण सकाळी, चाकांतली हवा तपासून, मी दाढीला त्या कपाटात शिरलो, तर घोटाभर पाण्यात उभा होतो. पाणी खालून, शॉवरच्या जाळीतून वर येत होतं.

“कोणी केस धुतले?” मी दारातून विचारलं.

“नॉट मी,” रश्मी बाहेरून म्हणाली.

“सुलभा?”

“मी अजून तोंडसुद्धा धुतलं नाहीये. तुम्ही आत आहात ना?”

“पंधरा गॅलन जास्त आलेत कुठून?”

“अरे, इतकं काय,” आई म्हणाली, “पाणीच आहे. पाण्याला नाव ठेवू नये.”

टाकी रिकामी करायच्या जागी जाऊन मी ती रिकामी केली. (त्या कामाचं वर्णन करत नाही. हे सगळ्यांनी वाचावं असं मला वाटतं.) आणि आम्ही निघालो. आता ट्रेलर कालच्यापेक्षा जास्त डुलत होता. मागून येणारे ट्रकवाले हॉर्न देऊन लांबून जात होते. मी आकडे मनात पुन्हा पुन्हा मांडले, बेरीज तीच येत होती. शेवटी एका गावात धान्याच्या कोठारापाशी ट्रक तोलायचा काटा दिसला. मी आत जाऊन विचारलं, आमचा ट्रेलर तोलून द्याल का. तिथल्या माणसाने, धान्य काय आहे, असं विचारलं. मी म्हणालो, थोडे तांदूळ, थोडी तूरडाळ.

ट्रेलर माझ्या हिशेबापेक्षा अडीचशे पौंडांनी जास्त भरला.

गाडीत बसून मी सगळ्यांकडे वळून बघितलं. “कुणी काय आणलंय?”

“मला काट्यावर उभी केली होतीत,” सुलभा म्हणाली. “आता झडती पण घ्या.”

“दोन माणसांचं वजन आहे हे.”

“मग बघा, पाहुणे असतील आत. सहाजण मावतात ना त्यात?”

आई मागे बसून शेंगदाणे सोलत होती. तिने एक मला दिला. “खा. डोकं तापलंय तुझं.”

दुसऱ्या रात्री मिनेसोटात मुक्काम केला. तिथून उगम दोन-तीन तासांवर होता. सकाळी मी फळ्या काढून परत आलो तर ट्रेलरच्या दारातून पायरीवरून पाणी खाली येत होतं. आत केशरी कार्पेट शेवाळ्यासारखं तरंगत होतं. माझा एक बूट फ्रीजपाशी होता, दुसरा दाराच्या दिशेने निघाला होता. नळांना आणि शॉवरला पाणी चढवणारा सिंकखालचा पंप घर्र घर्र करत बुडाला, एकदा उचकी दिली आणि कायमचा गप्प झाला.

मी कँपच्या ऑफिसातून विक्रेत्याला फोन लावला. टाकी बिघडली आहे, म्हणालो.

“सर, ती प्लॅस्टिकची टाकी आहे,” पलीकडचा माणूस म्हणाला. “तिच्यात बिघडण्यासारखं काही नसतं.”

“बिघडली आहे. माझ्याकडे आकडे आहेत.”

त्याने कागद चाळले. मग म्हणाला, “मग परत घेऊन या.”

मी येऊन सगळ्यांना सांगितलं की आपण मागे फिरतोय. पंप गेलाय, टाकी खोटी आहे, ट्रेलर जड होतोय आणि का ते कळत नाहीये. असलं धूड मी पुढे नेणार नाही. आईचं विमान पुढच्या आठवड्यात होतं. हे तिलाही माहीत होतं.

तिने ओल्या पायरीवर टॉवेल घालून बसकण मारली होती. “राहू दे मग,” ती म्हणाली. “नदी कुठे पळून जात नाही. मीच येणार नाही परत, एवढंच.”

सुलभाने माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच कामाला लागलो. निदान परतीचा प्रवास तरी सरळ व्हावा म्हणून मागचं वजन पुढे घ्यायचं ठरवलं. मागच्या बाकाचं झाकण उघडलं.

आत उशा नव्हत्या. दुधाचे कॅन होते. इथे दूध गॅलनच्या प्लॅस्टिकच्या कॅनमधून येतं, धरायला कान, वर झाकण. आम्ही ते फेकून देतो. आईने मात्र आल्या दिवसापासून एकही फेकू दिला नव्हता. धुऊन, उन्हात वाळवून तळघरात ठेवत होती. ते सगळे आता माझ्यासमोर दाटीवाटीने बसले होते, गळ्यापर्यंत भरलेले. मी मोजले. तीस. गॅलनला आठ पौंडांहून थोडं जास्त. तिसांचे अडीचशे.

“आई, हे काय आहे?”

“पाणी.”

“ते दिसतंय. कशाला?”

“कशाला म्हणजे? प्यायला, वापरायला. प्रवासात पाणी नको?”

“अगं, नळ आहे ना.”

“सोलापुरातही आहे नळ,” आई म्हणाली. “नळाचा काय भरवसा. आला तेव्हा भरून ठेवावं. घरून वीसच भरून घेतले होते, पण परवाच्या जागी पाण्याला जोर फार छान होता. मग सगळे भरले.”

माझ्या डोक्यात एक भयंकर बेरीज व्हायला लागली. “आणि रोज सकाळी त्यांचं काय करतेस?”

“ओतते. रात्रीचं शिळं पाणी कुणी पितं का? ओतते आणि ताजं भरते.”

“कुठे ओततेस?”

तिने सिंककडे बोट दाखवलं. सिंकखाली टाकी. नऊ अधिक वीस, एकोणतीस. नऊ अधिक तीस, एकोणचाळीस. टाकी चोवीसची. दोन्ही दिवसांचा हिशेब गॅलनपर्यंत जुळला. हिशेब जुळूनही आनंद न होण्याची माझ्या आयुष्यातली ती एकच वेळ.

“सुलभा, तुला हे माहीत होतं?”

“म्हणजे काय. रोज सकाळी घळाघळा आवाज येतो.”

“मग मला सांगायचं ना?”

“तुम्ही सगळ्याचं वजन केलंय म्हणालात. मला वाटलं त्यात धरलं असेल.”

“रश्मी?”

“आय हेल्प्ड हर,” रश्मी म्हणाली. “आजीला झाकणं घट्ट लावता येत नाहीत. नोबडी आस्क्ड मी.”

कुणी विचारलंच नव्हतं, हे खरं होतं. टाकी शहाणी होती, ट्रेलर शहाणा होता. मी विक्रेत्याला पुन्हा फोन केला नाही. कॅन झाडांना रिकामे केले. (आईने दोन लपवलेले मी पाहिले. दोनाचे सतरा पौंड मी सोडून दिले.) कार्पेट कापून काढलं आणि गाडीच्या टपावर वाळत टाकलं. पंप नव्हता, त्यामुळे आतला शॉवर बंद. कँपच्या सार्वजनिक शॉवरकडे आईने लांबूनच बघितलं आणि म्हणाली, “आता नदीवरच. तोपर्यंत मी चूल पेटवत नाही.” मग आम्ही पाव आणि केळी खात पुढे निघालो. ट्रेलर मागून शहाण्या बैलासारखा येत होता.

उगमापाशी पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं, पण पाणी बर्फासारखं होतं. तळ्यातून नदी दगडांवरून बाहेर पडते, आणि ते दगड ओलांडत अमेरिकन कुटुंबं फोटो काढत होती. आईने चपला काढल्या, हळदकुंकू वाहिलं आणि पदर खोचून नेसत्या लुगड्यानिशी सरळ आत शिरली. गुडघाभर पाण्यात बसली, तांब्या भरला, डोक्यावर ओतला. पहिल्या तांब्याला तिच्या तोंडून एकापाठोपाठ सगळ्या नद्यांची नावं बाहेर पडली. दुसरा तांब्या. तिसरा. एवढी खूश मी तिला विमानतळावर उतरतानासुद्धा पाहिली नव्हती.

काठावरचे लोक फोटो काढायचे थांबले. टोपी घातलेल्या एक वयस्कर बाई काळजीने रश्मीजवळ आल्या. आजी ठीक आहेत ना, काही मदत हवी का, असं विचारू लागल्या.

“शीज फाइन,” रश्मी म्हणाली. “शीज जस्ट टेकिंग अ बाथ. शी हॅड लॉट्स ऑफ वॉटर. माय डॅड मेड हर थ्रो इट आऊट.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्यामागच्या चार-पाच माणसांनीही बघितलं. नदीत माझी म्हातारी आई थंडीने दात वाजवत आणखी एक तांब्या ओतून घेत होती. शेवटी बाईंच्या यजमानांनी, वातावरण जरा हलकं करावं म्हणून असेल, मला सभ्यपणे विचारलं की तुम्ही नोकरी कुठे करता.

मला खोटं बोलता येत नाही.

“शहराच्या पाणीपुरवठा खात्यात,” मी म्हणालो. “हिशेब माझ्याकडे असतो.”