पेन्सिलची फुली

आमच्या पाटबंधारेच्या कचेरीत कागद वाचून सही करणारा माणूस म्हणजे रिकामटेकडा. सहीच्या जागी पेन्सिलनं बारीक फुली मारून फाईल पुढं सरकवायची, पुढच्यानं फुलीवर पेन टेकवायचं. बावीस वर्षं मी हेच केलं. तशी मी तोंडाळ बाई, साहेबांनाही दोन शब्द सुनावायला मागंपुढं पाहिलं नाही. पण फुली दिसली की हात आपोआप चालायचा.

सहा वर्षांपूर्वी पोलिसांचं पत्र आलं. छावणीपलीकडच्या वस्तीत एका घराची झडती घ्यायची आहे, घरात बाईमाणूस आहे, तेव्हा पंच म्हणून एक सरकारी बाई पाठवा. साहेबांनी मला पाठवलं. जीपमध्ये बसताच मी विचारलं, "किती वेळ लागणार? मला घाई आहे." हवालदारानं कोऱ्या लेबलांचा गठ्ठा पुढं केला. जप्त केलेल्या वस्तूंवर चिकटवायची लेबलं. प्रत्येकावर फुली. "आत्ताच करून टाका मॅडम, तिथं खोळंबा नको." जीप वाळूजच्या कारखान्यांच्या शिफ्टच्या बसमागं अडकली होती, तेवढ्यात माझ्या सह्या उरकल्यासुद्धा.

घर दोन खोल्यांचं. संशयित पंचविशीतला, वस्तीत अभ्यासिका चालवणारा. बंदी घातलेल्या संघटनेशी संबंध असल्याचा आरोप. त्याला बाहेर जीपजवळ उभं केलं होतं. वडील कंपनीत पहिल्या पाळीला गेलेले. मला त्याच्या आईजवळ स्वयंपाकघरात बसवलं, तिच्यावर लक्ष ठेवा म्हणून.

दुसऱ्या दिवशी जयंती होती. तिनं बाहेरच्या भिंतीवरची निळ्या कोटातली तसबीर सकाळीच उतरवून आत आणली होती आणि मांडीवर घेऊन ओल्या फडक्यानं पुसत होती. घरात पोलीस शिरले तरी तिचा हात थांबला नाही. काच पुसली, चौकट पुसली, उलटी करून मागचा पुठ्ठासुद्धा पुसला. मग म्हणाली, "बाई, च्या घेता का?"

"नको, ड्यूटीवर आहे."

"घ्या वो. घोटभर च्यानं काय होतंय ड्यूटीला."

घेतला. आलं लई घातलं होतं. बाहेरच्या खोलीत पत्र्याची पेटी उपडी केल्याचा आवाज आला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पुस्तकंच हायेत त्यात." तासाभरानं पंचनामा माझ्यापुढं आला. चार पानं, चार फुल्या. 'वाचून दाखवला, बरोबर आहे' हे शेवटी लिहिलेलं असतंच. मी सह्या केल्या आणि निघाले. त्याला घेऊन गेले. काहीतरी केलंच असेल, त्याशिवाय कोण कशाला धरतंय, असं मी घरी सांगितल्याचं मला आठवतं. आज त्याची लाज वाटते.

त्याला ज्या कायद्याखाली धरलं, त्याची गंमत मला फार उशिरा कळली. गंमत कसली, डोंबल. जामिनाच्या वेळी पंचाला कुणी बोलवत नाही, विचारत नाही. कागदावरून आरोप वरवर खरा वाटला की जामीन नाही. खटला उभा राहीपर्यंत माणूस आत, आणि शिक्षा ठरायच्या आधीच वर्षांमागून वर्षं भोगत राहतो.

गेल्या हिवाळ्यात मला कोर्टाचं समन्स आलं. व्हरांड्यात तपास अधिकाऱ्यानं पंचनामा हातात दिला, "एकदा नजर टाका." सहा वर्षांत मी तो पहिल्यांदा वाचत होते. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की बाहेरच्या खोलीतील भिंतीवर लावलेल्या तसबिरीच्या मागील बाजूस चिकटवलेला पेन ड्राइव्ह आम्हा पंचांसमक्ष मिळून आला.

"साहेब, तसबीर भिंतीवर नव्हती. माझ्याजवळ होती, आत."

"लिहिलंय तेच बोला मॅडम," तो शांतपणे म्हणाला. "रिटायरमेंटला चार वर्षं राहिलीत ना? खोट्या पंचनाम्यावर सही केली म्हणून तुमच्यावरच शेकेल." दुसरा पंच त्यांच्या ओळखीचा पानटपरीवाला. त्याची साक्ष आदल्याच दिवशी झाली होती, कागदाबरहुकूम. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. पेन्शन डोळ्यापुढं आली. मग आत गेले आणि आरोपीच्या पिंजऱ्यात तो पोरगा दिसला. तिशीतच कानशिलं पांढरी झालेली.

मी सांगितलं. तसबीर त्याच्या आईच्या मांडीवर होती, मागं काहीही नव्हतं, लेबलांवरच्या सह्या जीपमध्ये झाल्या होत्या. सरकारी वकिलांनी मला तिथल्या तिथं फितूर ठरवायची परवानगी मागितली, ती मिळालीही. मग ते माझ्याकडं वळले. "ती आई दोन वर्षांपूर्वी वारली, माहीत आहे ना? मेलेल्या बाईच्या नावावर काहीही सांगता येतं."

मला माहीत नव्हतं. मी मागच्या बाकांवर इतका वेळ तिलाच शोधत होते.

न्यायाधीशांनी विचारलं, "मग सही का केलीत?"

"फुली होती, साहेब."

कुणी हसलं नाही. टंकलेखकानं माझा जबाब छापून पुढं ठेवला, सहीच्या जागी पेन्सिलची फुली होती. मी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. "बाई, उरका," तो म्हणाला. मी सगळा वाचला, मग सही केली. त्या पोराला पुन्हा तुरुंगाच्या गाडीत बसवलं. निकाल अजून लागलेला नाही.

बाहेर त्याचे वडील उभे होते. म्हणाले, "ती हरेक जामिनाच्या टायमाला हेच सांगायची. तसबीर माज्या मांडीवर व्हती, त्या बाईला इचारा. कोर्ट म्हणायचं, पंच सरकारी हाय, ती कशापायी खोटं लिहील. तुमच्या हापिसाच्या गेटापोतूर येऊन गेली दोनदा. वकील म्हणले साक्षीदाराला भेटू नका, म्हून माघारी फिरली."

ते रागावले नव्हते, तेच सहन होत नव्हतं.

"बाई, त्या दिवशी वाचलं का नाय तुमी?"

"घाई होती."

"कशाची?"

ओल्या फडक्याचा वास आठवतो. चहातलं आलं आठवतं. घाई कशाची होती, ते मला आठवेना.